हजार वेळा वाजणारे दार

चित्रपटातले दार प्रेक्षकासाठी एकदाच वाजते. दिग्दर्शकाने ठरवलेल्या क्षणी ते उघडते, त्याची करकर ऐकू येते आणि कथा पुढे सरकली की त्या दाराशी आपला संबंध संपतो. गेममधल्या दाराचे तसे नसते. खेळाडू ते उघडतो, आत डोकावतो, काहीतरी राहिले म्हणून मागे फिरतो, भलतेच बटण दाबून ते लावून घेतो आणि पुन्हा उघडतो. काही जण तर केवळ गंमत म्हणून त्याची उघडझाप करत बसतात. पहिल्यांदा अंगावर काटा आणणारी करकर विसाव्यांदा कंटाळवाणी होते आणि पन्नासाव्यांदा नकोशी. एका छोट्या स्वतंत्र गेमसाठी आवाज शोधण्याचे आणि त्यांची काटछाट करण्याचे काम मी सध्या करते आहे, आणि या कामातला जवळजवळ प्रत्येक निर्णय फिरून त्याच एका प्रश्नापाशी येतो, की हा आवाज पन्नासाव्यांदा कानावर पडेल तेव्हा काय होईल.

आमचा गेम एका ओसाड दीपगृहात घडतो. त्यात एकच पात्र आहे, संवाद नाहीत आणि संगीत अगदी मोजके आहे. लोखंडी गोल जिना, गंजलेली दारे, दिव्याची भिंगे फिरवणारे वजनावर चालणारे जुने यंत्र, बाहेर वारा आणि समुद्र, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. चित्रे आणि प्रोग्रॅमिंग सहकाऱ्याकडे, आवाज माझ्याकडे, अशी दोघांतली वाटणी. अशा गेमच्या मागे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ नसतो आणि प्रत्येक आवाजासाठी माणूस नेमण्याइतका पैसाही नसतो, त्यामुळे बहुतेक आवाज कुणीतरी आधीच मुद्रित करून ठेवलेल्या संग्रहांतून घ्यावे लागतात आणि जे तिथे मिळत नाहीत तेवढेच आपण स्वतः मुद्रित करतो. हे कमीपणाचे आहे असे मला वाटत नाही. निवड हीसुद्धा एक कारागिरीच आहे, आणि वाईट निवडलेला आवाज कितीही उत्तम मायक्रोफोनने टिपलेला असला तरी वाईटच वाजतो.

संग्रहांत सर्वांत ओळखीचे नाव फ्रीसाउंडचे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातील संगीत-तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये तो सुरू केला आणि तेव्हापासून जगभरचे हौशी आणि व्यावसायिक लोक आपापली रेकॉर्डिंग तिथे ठेवत आले आहेत. त्याचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही एकाच गोष्टीत आहेत: आवाजाला नाव आणि खुणेचे शब्द ज्याने त्याने आपल्या मनाने दिलेले असतात. दीपगृहाच्या यंत्राची किल्ली भरल्याचा आवाज असा नेमका शोध घेतला तर हाती काही लागत नाही. मग शोधण्याची रीतच बदलावी लागते. वस्तूचे नाव सोडून ती कशाची बनली आहे आणि तिला काय होते आहे, एवढेच विचारायचे. लोखंड, घासणे, जड, संथ असे शब्द घेऊन गेले की नांगराची साखळी, गॅरेजचे शटर, कारखान्यातली ढकलगाडी, उलटे फिरणारे सायकलचे चाक असे एकमेकांशी काही संबंध नसलेले आवाज समोर येतात, आणि त्यातल्या एखाद्यात आपल्या यंत्राचा तुकडा दडलेला असतो. ऐकतानाही डोळे मिटून ऐकावे लागते, कारण पडद्यावर शटर असे लिहिलेले दिसले की कानाला शटरच ऐकू येते.

चित्र एका वस्तूचे आणि आवाज दुसऱ्या वस्तूचा, ही लबाडी बोलपटांइतकीच जुनी आहे. युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस, बोलपट नुकतेच येऊ लागले होते तेव्हा, पडद्यावरच्या हालचालींकडे पाहत पावलांचे आणि कपड्यांचे आवाज प्रत्यक्ष करून मुद्रित करण्याची पद्धत घडवली, आणि आज त्या कलेला त्यांचेच नाव आहे. कॉर्नस्टार्च भरलेली चामडी पिशवी दाबली की बर्फावरचे पाऊल वाजते, सेलरीचा देठ मोडला की हाड मोडते, चामडी हातमोजे फडफडवले की पक्षी उडतो. या परंपरेने आपल्या कानांना काही खोट्या सवयीही लावून ठेवल्या आहेत. लाकडाच्या किंवा चामड्याच्या म्यानातून तलवार उपसली तर पडद्यावर ऐकू येतो तसा लांबलचक झणत्कार होत नाही. बाल्ड ईगल हा रुबाबदार गरुड पडद्यावर दिसतो तेव्हा कानावर पडणारी किंचाळी पुष्कळदा लाल शेपटीच्या ससाण्याची असते, कारण त्या गरुडाचा खरा आवाज त्याच्या रुबाबाला न शोभणारा, बारीक आणि तुटक आहे.

चित्रपटाच्या लोकांना ही अतिशयोक्ती परवडते, कारण त्यांचा आवाज एकदाच वाजतो. गेममध्ये मात्र मला उलटा अनुभव येतो. नाट्यमय आवाज लवकर विटतो आणि खरा, थोडासा नीरस आवाज टिकतो. खऱ्या वस्तू बहुधा मोठ्याने बोलत नाहीत. त्यांच्या आवाजात लक्ष वेधून घेणारे काही नसते, म्हणूनच तो वारंवार ऐकता येतो. त्यामुळे दोन रेकॉर्डिंगमध्ये मन अडकले तर मी त्यातल्या साध्याकडे वळते, आणि भारी वाटणारे दुसरे एखाद्या एकदाच घडणाऱ्या प्रसंगासाठी बाजूला ठेवते.

आमच्या यंत्राचा आवाज शेवटी तीन थरांतून जमला. हँडल फिरवताना दात्यावरून खटका पडतो त्यासाठी रॅचेट पान्याचा आवाज अगदी जवळून मुद्रित केला; यंत्राच्या अंगातल्या जडपणासाठी कागदपत्रांच्या लोखंडी कपाटाचा खण ओढल्याचा आवाज निम्म्या वेगाने लावला; आणि खटक्यानंतर उमटणाऱ्या घुमाऱ्यासाठी जाड पोलादी नळीवर हलकेच मारलेली टिचकी वापरली. निम्मा वेग केला की स्वर एक सप्तक खाली येतो आणि हलक्या खणातही वजन भरते, पण त्याला किंमत पडते. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनितरंगाच्या उंचीच्या नोंदी, घेऊन केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी मावतात. वेग निम्मा झाला की त्यांची वरची सीमा ११,००० च्या आसपास येते आणि आवाज गोधडीआडून आल्यासारखा मंद होतो. म्हणून ज्या आवाजाचा वेग पुढे कमी करायचा आहे तो मूळातच ९६,००० नमुन्यांवर मुद्रित करावा, आणि मायक्रोफोनला वरच्या पट्टीतले काही ऐकू येत असेल तर त्याचा उपयोग होतो. तीन थर जुळल्यावरही त्यांची एकच सलग फाइल आम्ही केली नाही. खेळाडू हँडल कधी भराभर फिरवतो, कधी मध्येच थांबतो. सलग फाइल असती तर हात थांबल्यावरही यंत्र वाजत राहिले असते. आता प्रत्येक दात्याचा खटका स्वतंत्र वाजतो आणि जडपणाचा थर हँडलच्या वेगाप्रमाणे वरखाली होतो, त्यामुळे यंत्र हाताच्या ताब्यात असल्यासारखे वाटते.

आवाज आवडला की तो लगेच उतरवून घ्यावासा वाटतो, पण त्याआधी परवाना पाहायचा असतो. फ्रीसाउंडवर मुख्यतः क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेले तीन परवाने भेटतात. सीसी झीरो असेल तर निर्मात्याने आपले हक्क सोडून दिलेले असतात आणि श्रेय दिले नाही तरी चालते. सीसी बाय असेल तर वापराला मुभा आहे, पण श्रेय देणे बंधनकारक आहे, आणि २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे आवाजात बदल केला असल्यास तसेही नमूद करावे लागते. तिसरा सीसी बाय एनसी, ज्यात व्यापारी वापराला मनाई असते. विकला जाणारा गेम उघडच व्यापारी आहे. फुकट वाटलेला पण जाहिरातींवर चालणारा गेमही त्या परवान्याच्या आत बसतो असे मी धरून चालत नाही. जुन्या काही रेकॉर्डिंगवर सॅम्पलिंग प्लस नावाचा, आता वापरातून गेलेला परवाना अधूनमधून दिसतो आणि तिथे मी वेळच घालवत नाही. शोधताना पहिल्यांदा परवान्याची चाळणी लावायची आणि मगच ऐकायला सुरुवात करायची, हा क्रम मी कधी मोडत नाही, कारण एखादा आवाज मनात बसल्यावर त्याचा परवाना आपल्या सोयीने वाचण्याचा मोह होतो.

फुकट ऐकायला मिळणे आणि फुकट वापरायला मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या संग्रहातले १६,००० हून अधिक ध्वनिपरिणाम सर्वांसाठी खुले केले तेव्हा अनेक गेमकर्ते हरखून गेले, पण ती मोकळीक वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरापुरती होती. विकाऊ गेमसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. रॉयल्टी-फ्री या शब्दानेही असाच गोंधळ होतो. त्याचा अर्थ एवढाच, की एकदा पैसे दिल्यावर प्रत्येक वापरागणिक पुन्हा द्यावे लागत नाहीत. याउलट सॉनिस ही कंपनी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या निमित्ताने व्यावसायिक रेकॉर्डिस्टांच्या आवाजांचा मोठा संच विनामूल्य देते आणि त्याला व्यापारी वापराचीही परवानगी असते. कच्चे आवाज जसेच्या तसे पुन्हा विकता मात्र येत नाहीत. छोट्या गेमकर्त्याचा निम्मा संसार त्या संचावर चालतो, असे म्हटले तरी चालेल.

परवाना ही नुसती कागदी बाब नाही याचे ठळक उदाहरण म्हणजे रोब्लॉक्समधला पात्र मेल्यावर येणारा ‘उफ्’. तो इतका लोकप्रिय झाला की गेमची ओळखच बनला. पण मुळात तो २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या एका गेममधला होता, आणि २०२२ मध्ये परवान्याच्या कारणावरून रोब्लॉक्सने तो काढून त्या जागी नवा आवाज बसवला. खेळाडूंनी जी हळहळ व्यक्त केली तीत मला या सगळ्या धंद्याचे मर्म दिसते. इतक्या वेळा ऐकलेला आवाज खेळणाऱ्याच्या मालकीचा होऊन बसतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो कुणाचा आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

दुसरा धोका अधिक बारीक आहे. संग्रहात आवाज ठेवणाऱ्यानेच तो मुद्रित केला आहे याची खात्री कोण देणार? एकाच खात्यावर डायनोसॉरची डरकाळी, लेझरची बंदूक आणि एखाद्या प्रसिद्ध मालिकेतल्यासारखा गजर, सगळे चकचकीत, पूर्ण तयार आणि कुठेही श्वासाचा किंवा खुर्चीचा आवाज नाही, असे दिसले की मी तिथून उठते. ज्याने खरोखर मुद्रण केले आहे तो बहुधा कोणता मायक्रोफोन, किती अंतर, कोणती जागा हे लिहिल्याशिवाय राहत नाही. म्हणून वर्णन जितके तपशीलवार तितका माझा विश्वास जास्त. घेतलेल्या प्रत्येक आवाजाची नोंद एका तक्त्यात होते: मूळ शीर्षक, ठेवणाऱ्याचे नाव, पानाचा पत्ता, परवाना आणि त्याची आवृत्ती, उतरवल्याची तारीख, आपण काय बदलले. त्यासोबत त्या पानाचे चित्रही जपून ठेवते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा मिळाल्यावर मागे घेता येत नाही, पण पान नाहीसे झाले तर तो मिळाला होता हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

आता प्रत्यक्ष काटछाटीकडे येते, कारण माझा जीव तिथे रमतो. जिन्यासाठी मिळालेले रेकॉर्डिंग चांगले लांब आहे. कुणीतरी जड बूट घालून इमारतीबाहेरचा लोखंडी जिना चढतो आहे आणि मागे दूरवर वाहतुकीची घरघर आहे. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारा आवाजाचा आलेख, मोठा करून पाहिला की प्रत्येक पाऊल म्हणजे दोन उंचवटे दिसतात, आधी टाचेचा टोकदार आणि मग तळव्याचा बसका, आणि त्यांच्यामागे कठड्याच्या थरथरीची बारीक होत जाणारी शेपटी. यातले एकेक पाऊल सुटे करायचे. ऑडॅसिटीसारख्या फुकट साधनातही हे उत्तम होते. मी रीपर वापरते, पण साधनापेक्षा कुठे कापायचे हे कळणे महत्त्वाचे.

कापायचे ते टाचेच्या उंचवट्याच्या अगदी पायथ्याशी. त्याच्या आधी राहिलेली शांतता ऐकू येत नाही, पण बोटाला जाणवते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र जेमतेम १६.७ मिलिसेकंद टिकते; ४८,००० नमुन्यांच्या वेगावर १,०२४ नमुन्यांचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवायचा तुकडा, असेल तर आवाज कानापर्यंत पोहोचायला आधीच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. त्यात फाइलच्या सुरुवातीला ४० मिलिसेकंदांची रिकामी जागा राहिली तर पाय टेकल्यावर आवाज मागून चालत येतो, आणि खेळाडू म्हणतो की पात्र चिखलातून चालल्यासारखे वाटते. तो आवाजाला दोष देत नाही, कारण त्याला दोष हालचालीत आहे असेच वाटते. म्हणून एक-दोन मिलिसेकंदांपलीकडे पुढे काही ठेवायचे नाही. कापाची जागा तरंग शून्यरेषा ओलांडतो तिथेच घ्यायची, नाहीतर तिथे ‘टक्’ असा परका आवाज उमटतो; तरीही खात्रीसाठी मिलिसेकंदभराचा फेड-इन, म्हणजे शून्यातून चढत जाणारी सुरुवात, देते. शेवटाकडे मात्र सढळ हाताने, पण वळणदार फेड, म्हणजे कठड्याची थरथर सरळ रेषेत विझण्याऐवजी आधी भरकन आणि मग सावकाश विझते. खऱ्या थरथरीची उतरंड तशीच असते.

वाहतुकीच्या घरघरीचे काय करायचे, यावर दोन मते असतात. १०० हर्ट्झच्या खालचे गाळून टाकले की बरीचशी जाते आणि लोखंडी पावलाचे त्यात काही बिघडत नाही. राहिलेला खरखराट काढायला आवाजाचा नमुना घेऊन तो वजा करणारी साधने आहेत, पण त्यांचा हात सैल सोडला तर शेपटीत पाण्याचे बुडबुडे फुटल्यासारखे काहीतरी ऐकू येऊ लागते. मी ती जवळजवळ वापरत नाही. आमच्या दीपगृहात वारा अखंड वाहतो आणि त्याच्याखाली तेवढा खरखराट सहज बुडतो. एकेक फाइल एकटी ऐकून घासत बसणाऱ्यांचे आवाज स्वच्छ होतात खरे, पण बाकीच्या आवाजांत मिसळल्यावर ते कापून चिकटवल्यासारखे दिसतात. घुमाराही मी मूळ रेकॉर्डिंगमध्ये जेवढा कमी तेवढा पसंत करते, कारण तळघर, जिना आणि वरची काचेची खोली यांचा घुमारा गेम इंजिन, म्हणजे गेम चालवणारे सॉफ्टवेअर, जागेप्रमाणे चढवते. आवाजातच एखादी खोली चिकटलेली असेल तर ती पात्राच्या मागे सगळीकडे फिरते.

मग निवड. पुष्कळ पावलांतून सहा-सात ठेवायची आणि ती उलटसुलट वाजवायची, एवढे सगळेच करतात. गोदोसारख्या इंजिनात यासाठी तयार सोय आहे: यादीतले आवाज यदृच्छेने निवडायचे, पण तोच आवाज लागोपाठ दोनदा येऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येक वेळी स्वर आणि पातळी किंचित हलवायची. स्वर अर्ध्या सुराच्या, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांच्या पलीकडे हलवला तर पात्राचे वजन बदलल्यासारखे वाटते, म्हणून मी त्याच्याही आत राहते. खरी कसोटी मात्र पावलांना वगळण्यात आहे. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक पाऊल फार सुंदर होते. पायरीचा पत्रा दबून कण्हला होता आणि त्या एका पावलात सगळ्या दीपगृहाचे म्हातारपण ऐकू येत होते. यादीत ते ठेवले आणि काही पायऱ्यांतच कान त्याची वाट पाहू लागला: आले, पुन्हा आले, हे बघ पुन्हा. बाकीची पावले जिना बनून गेली आणि हे एक मात्र फाइल बनून उरले. ज्या आवाजाला चेहरा आहे तो गर्दीत घालता येत नाही. शेवटी ते पाऊल यादीतून काढून वरच्या खोलीआधीच्या शेवटच्या वळणावरच्या एका ठरावीक पायरीला दिले. आता तिथे पाय पडला की ती पायरी कण्हते, इतरत्र कुठेही नाही, आणि ज्याला ते लक्षात येते त्याला वाटते की ही पायरी सैल आहे. यदृच्छेने जे सांगता येत नव्हते ते जागेने सांगितले.

वारा आणि समुद्र यांचा प्रश्न वेगळा, कारण ते थांबतच नाहीत. सलग फिरणाऱ्या लूपमध्ये सांधा ऐकू येऊ नये म्हणून शेवटचा भाग सुरुवातीवर हळूहळू विरघळवतात, हे ठाऊक असलेलेच तंत्र आहे. त्याहून अवघड असते ते लूपमधून ओळखीच्या खुणा हुडकून काढणे. एखादी जास्त मोठी लाट, दूरचा एक पक्षी, वाऱ्याचा एक विशिष्ट हुंकार, काहीही असो. कान अशा खुणेला पकडतो आणि तिच्यावरून चक्कर मोजू लागतो. मी त्या खुणा कापून सुट्या फाइली करते आणि इंजिनाला त्या अनियमित अंतराने वाजवू देते. मागे उरतो तो चेहरा नसलेला वारा. शिवाय एकाऐवजी दोन थर, एक ३७ सेकंदांचा आणि दुसरा ५३ सेकंदांचा, एकत्र फिरवले तर दोघे एकाच वेळी आपापल्या सुरुवातीला यायला १,९६१ सेकंद, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोवर खेळाडू दुसऱ्या मजल्यावर गेलेला असतो. लूपसाठी एमपीथ्री वापरू नये, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगते. त्या रूपांतरात फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते आणि कितीही नेटका सांधा केला तरी चक्कर पुरी होताना उचकी लागते. ऑग व्हॉर्बिस या दुसऱ्या फाइल-प्रकारात ही अडचण येत नाही, आणि फाइलही लहान राहते. आवाज आक्रसून न ठेवणाऱ्या, १६ बिटच्या, ४४,१०० नमुन्यांच्या स्टिरिओ वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात, त्यामुळे वाऱ्यासाठी ती जागा कुणी देणार नाही. पाऊल, खटका यांसारखे छोटे आवाज मात्र वेव्हमध्येच ठेवावेत. ते उलगडण्यात प्रोसेसरचा वेळ जात नाही.

पातळी जुळवण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. सगळ्या फाइली सर्वोच्च टोकाला नेऊन ठेवणे म्हणजे पातळी जुळवणे नव्हे, कारण खटक्याचे टोक आणि वाऱ्याचे टोक सारखे केले तर वारा कितीतरी मोठा ऐकू येतो. कान सरासरी ऐकतो. म्हणून सरासरी श्रवणपातळी मोजणारे लफ्स हे माप वापरतात. त्यातही अतिशय छोट्या आवाजांना ते माप नीट लागू पडत नाही, तिथे शेवटी कानावरच भिस्त. माझी रीत अशी, की पावले आधी ठरवायची, कारण ती सतत असतात, आणि बाकी प्रत्येक आवाज पावलांच्या वर की खाली एवढेच विचारायचे. तंतोतंत सारखे दोन आवाज एकाच क्षणी वाजले तर पातळी ६ डेसिबलने चढते, म्हणून एका प्रकारचे किती आवाज एकदम वाजू द्यायचे याला इंजिनात मर्यादा घालावी लागते. जागेवरून येणारे आवाज, म्हणजे दार, यंत्र, ठिबकणारे पाणी, मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, ठेवावेत. डावे-उजवे इंजिन ठरवते. आणि हे सगळे चांगल्या हेडफोनवर झाल्यावर फोनच्या बारक्या स्पीकरवर ऐकायचे. तिथे यंत्राचा खालचा, जड थर जवळजवळ नाहीसाच होतो. त्याची पातळी वाढवून उपयोग नसतो, कारण तो स्पीकर ते सूर काढूच शकत नाही; त्याऐवजी थोडे सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम केलेली हलकी विकृती, देऊन त्याच्या वरचे उपस्वर उमटवले की कान त्यांच्यावरून खालचा सूर आपोआप भरून घेतो.

मेनूच्या आवाजांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टोमास पेटरसन यांनी २००७ मध्ये लुडम डेअर या अल्पकाळात गेम करण्याच्या स्पर्धेसाठी केलेले एसएफएक्सआर हे इवलेसे साधन आजही एका बटणात नाणे, उडी आणि स्फोट बनवून देते, आणि पिक्सेलच्या गेमला ते शोभते. आमच्या लोखंडाला ते शोभले नाही. मेनूसाठी रॅचेट पान्याचाच एक हलका खटका घेतला, आणि तेवढे पुरले.

अलीकडे, ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे आवाज बंद करून खेळतात त्यांच्यासाठी, आवाजांच्या ओळी लिहिण्याचे काम हाती घेतले आहे. पडद्याच्या कडेला दिशेच्या बाणासह ‘दार करकरते’, ‘खाली पाणी ठिबकते’ असे दिसेल. हे काम शेवटचे आणि उपचारापुरते असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्याने संपूर्ण यादीची झडती घेतली. ज्या आवाजाला उगम आहे त्याची ओळ चटकन लिहून होते. ज्याला उगम नाही तिथे पेन अडते. तेलाच्या कोठारात मी एक खोल धातूचा नाद ठेवला होता, मला फार आवडणारा. त्याच्यासाठी ‘अस्वस्थ करणारा नाद’ एवढेच सुचले, आणि वाचणाऱ्याला काय वाटावे हे त्याला आधीच सांगून टाकणारी ती ओळ मला पसंत पडली नाही. तो नाद काढून टाकावा की त्याला चित्रात जागा द्यावी यावर आमची बरीच चर्चा झाली. मी काढायच्या बाजूने होते, सहकारी ऐकेना. त्याने कोठाराच्या भिंतीत हवेच्या झरोक्याचे एक सैल लोखंडी झाकण चितारले आणि आता तिथे ‘झरोक्याचे झाकण थरथरते’ अशी ओळ येते. त्यामुळे माझे काम मात्र वाढले. झाकण थरथरत असेल तर ते वाऱ्याच्या जोराने थरथरायला हवे, म्हणजे मूळ नादाचे मंद, मध्यम आणि जोराचे असे तीन थर पाहिजेत, आणि जोराच्या थरासाठी संग्रहात जे सापडले ते सगळे एनसी परवान्याचे आहे. पोलादी नळी अजून हाताशी आहे. आधी तिच्यावर एखादा पातळ पत्रा ठेवून पाहणार आहे.